माळ्याचा रोज कोणत्या खात्यावर?

सरकारी किंवा पालिकेच्या बागेत वर्षानुवर्षं राबणाऱ्या माळ्यांना कायम करा, ही मागणी साताऱ्या-सांगलीकडे कुणाला नवी नाही. माणसं उपोषणाला बसली की बातमी येते, साहेब आश्वासन देतात, मंडप उतरतो. बागेला माळी लागतो, पण कागदावर माळ्याची जागा नाही, हे त्या भांडणाचं मूळ. ते शोधायला थेट कंपनी सरकारपर्यंत मागे जावं लागतं.

1828 साली गव्हर्नर जॉन माल्कम यांनी पुण्याजवळ दापोडीला वनस्पती उद्यान सुरू केलं. महाबळेश्वरची माल्कमपेठ याच माल्कमच्या नावाची. दहा वर्षांनी दापोडीचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आला. जुन्नरजवळ हिवऱ्यालाही त्यांची बाग होती, तिथे औषधी वनस्पती लावत. गिब्सन पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांचं सगळं नोंदलेलं आहे. त्यांनी 1847 ते 1850 या काळात बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही उद्यानात जपून ठेवलेली आहेत. दीडशेहून जास्त चित्रं, आणि चित्रकाराचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. पानाची शीर न् शीर रंगवणाऱ्याची ही गत, तर आळी करणाऱ्यांची नावं कोण लिहून ठेवणार?

आमच्या महाबळेश्वरात तर सुरुवातीची मळेकरी मंडळी कैदी होती. चिनी आणि मलायी कैद्यांना इथे आणून ठेवलं होतं. बटाटे, विलायती भाज्या पिकवायच्या, वेताच्या वस्तू विणायच्या, हे त्यांचं काम. 1864 मध्ये तो तुरुंग बंद झाला. त्यांच्या मळ्यांची आठवण म्हणून ‘चायनामन’ हे धबधब्याचं नाव तेवढं उरलं. त्यानंतर सरकारने लिंगमळ्याला सिंकोनाची लागवड करून पाहिली. हिवतापावरचं क्विनाईन त्याच्या सालीतून निघतं. इथल्या पावसात तो प्रयोग फसला. देखरेख करणाऱ्या साहेबासाठी बांधलेला बंगला मात्र मागे राहिला.

खरी गाठ बसली ती हिशेबाच्या पद्धतीत. 1854 मध्ये डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं आणि दोन प्रकारची माणसं वेगळी झाली. एक आस्थापनेवरची: त्यांना पद, पगार, पेन्शन. दुसरी कामाच्या खर्चातून रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, मिळणारी, ज्यांना आजही ‘वर्कचार्ज’ किंवा ‘मस्टरवरची’ म्हणतात. खडी, चुना, वाळू यांच्यासारखाच त्यांचा रोजही कामावर टाकायचा. पूल बांधायला ही पद्धत चालते, कारण पूल बांधून झाला की काम संपतं. बाग कधी संपते? तिला पाणी रोज लागतं, छाटणी दरसाल लागते, कलम बांधायला बसलेला हात लागतो. न संपणाऱ्या कामाला संपणाऱ्या कामाची हिशेबवही लावली. माझ्या मते सगळ्या भांडणाचं बीज इथे आहे.

स्वातंत्र्यानंतर यावर पहिला ठोस उपाय आला तो 1967 च्या कालेलकर निवाड्याने. बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांत सलग पाच वर्षं काम केलेल्या रोजंदारी माणसांना ‘रूपांतरित’, म्हणजे रोजंदारीच्या जागा बदलून केलेल्या, आस्थापनेवर घ्यायचं ठरलं. पण पालिकेच्या माळ्याला त्याचा उपयोग नव्हता. एकाच गावात, एकाच विळ्याने काम करणाऱ्या दोघांचं भवितव्य बाग कोणत्या कार्यालयाची यावर ठरू लागलं.

1971 च्या राज्य कायद्याने माणसाला वर्षानुवर्षं हंगामी ठेवून कायमपणाचे फायदे नाकारणं ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. त्याचाच आधार घेऊन पुण्याच्या पाचगाव पर्वतीवर झाडं लावणारे वन खात्याचे मजूर सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि 1995 साली जिंकले. हे सरकारचं सार्वभौम काम आहे, कामगार कायदा इथे लागू नाही, हा खात्याचा बचाव टिकला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्याच 2006 च्या उमादेवी निकालाने मात्र वारं फिरलं: रीतसर भरतीशिवाय कायमपणाचा हक्क मिळत नाही. 2009 मध्ये एसटीच्या खटल्यात न्यायालयाने खुलासा केला, की त्यामुळे 1971 च्या कायद्याखालचे औद्योगिक न्यायालयाचे अधिकार जात नाहीत. आजचे दावे या दोन निकालांच्या मधल्या वाटेने चालतात. महापालिकांत शिवाय आस्थापना खर्च उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट आडवी येते. म्हणून नवी जागा भरण्याऐवजी ठेकेदार येतो, आणि माळी कुणाचा, हा आणखी एक वाद उभा राहतो.

वाईला आमच्या शेजारी एक काका होते, एका सरकारी बागेत रोजंदारीवर. वर्षात 240 दिवस भरले की माणूस हक्क सांगतो, म्हणून त्यांना दर पावसाळ्यात ‘ब्रेक’ मिळायचा. घाटावर पाऊस कोसळायचा, झाडांवरच्या पत्र्याच्या पाट्या गंजून गळायच्या. सप्टेंबरात परत बोलावलं की कुठलं झाड कोणतं, हे तेच सांगायचे आणि त्यावरून नव्या पाट्या रंगवल्या जायच्या. मस्टर कचेरीत राहायचं, म्हणून काकांनी स्वतःची शंभर पानी वही ठेवली होती. दर ओळीत तारीख, काम, आणि पुढे मुकादमाची सही. पावसाळ्याची पानं मात्र त्यांनी कोरी सोडली नव्हती. तिथे लिहिलेलं असायचं, ‘हजर होतो, काम दिलं नाही’. त्या ओळींपुढे सही नाही. दाव्याच्या वेळी वकिलांनी आधी तीच पानं मागितली.