रोजच्या वाचनांवरचं मनन लिहिणं
ख्रिस्ती लोकांमधे त्या दिवसासाठी नेमून दिलेला बायबलमधला उतारा वाचून, त्यावर शांत बसून, जे मनात आलं ते स्वतःच्या वहीत लिहून ठेवायची जी सवय आहे तिला मनन किंवा मनन-चिंतन म्हणतात. प्रवचन वेगळं, ते दुसऱ्यांसाठी असतं. हे आधी स्वतःसाठी.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे उतारा आपण निवडत नाही. कॅथलिक चर्चमधे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांची सभा) 1969 साली नवी वाचनमाला, म्हणजे कोणत्या दिवशी काय वाचायचं त्याची यादी, ठरली, त्यात रविवारची वाचनं 3 वर्षांच्या चक्रात फिरतात (येशूच्या जीवनाची 4 शुभवर्तमानं आहेत, त्यातलं पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, मग मार्क, मग लूक, आणि योहान जास्त करून ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात नि ईस्टरपासूनच्या पास्काकाळात), आणि इतर दिवशी सामान्य काळात (म्हणजे नाताळ-ईस्टरसारखे खास काळ सोडून उरलेल्या वर्षात) पहिलं वाचन 2 वर्षांनी परत येतं पण शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच. म्हणजे जुनी वही काढली की त्याच उताऱ्यावर गेल्या वर्षी आपण काय लिहिलं होतं ते समोर येतं. फक्त ईस्टरची तारीख आणि तारखांचे वार दरवर्षी सरकतात ना, म्हणून वहीत नुसती तारीख घालून भागत नाही, "सामान्य काळ, 13वा आठवडा, मंगळवार" असं लिहावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षी शोधत बसायचं.

त्या मंगळवारी येतं वादळाचं शुभवर्तमान, मत्तय अध्याय 8. शिष्य घाबरलेत, होडीत पाणी शिरतंय आणि येशू झोपलाय. आता हा दिवस जूनच्या शेवटी नाहीतर जुलैच्या सुरुवातीला पडतो, तेव्हा वसईच्या किनाऱ्यावर मासेमारी बंद, होड्या वर ओढून ठेवलेल्या, समुद्र खवळलेला. तिथला कोळी ख्रिस्ती माणूस हा उतारा वाचताना त्याला वादळ समजावून सांगायची गरजच नसते, तो सरळ त्या झोपेवर अडतो, हा झोपला कसा? मनन खरं तिथूनच सुरू होतं, जिथे आपण अडतो तिथून.

पद्धत जुनी आहे. 12व्या शतकात गिगो नावाच्या कार्थुसियन (एक कॅथलिक संन्यासी संघ) मठाधिपतींनी वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशी 4 पायऱ्यांची शिडी सांगितली. प्रोटेस्टंटांकडे जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरेव्हियन मंडळीचं रोजच्या वचनांचं पुस्तक 1731 पासून निघतंय, त्यातलं जुन्या करारातलं वचन तर चक्क चिठ्ठी काढून ठरवतात. तिथेही निवड वाचणाऱ्याच्या हातात नाहीच.

मराठीत लिहिणाऱ्याला एक मोठा फायदा आहे, भाषांतरं एकाहून जास्त आहेत. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना कळेल असं केलेलं भाषांतर, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल, शिवाय चर्चमधे वाचतात ते. एकच वचन दोन-तीन ठिकाणी वाचलं की एखादा शब्द वेगळा दिसतो आणि कितीदा तोच वहीत येतो.

लिहायला दहा-पंधरा ओळी पुरतात. नवीन लोक हमखास "आपण सर्वांनी क्षमा केली पाहिजे" असं लिहायला लागतात, ते मनन नाही हो, ते प्रवचन झालं. कोणाला क्षमा करायची राहिलीय ते नाव मनात धरून "मी" वरून वाक्य सुरू करावं, आणि शेवटच्या दोन ओळी देवाशी थेट बोलत, "तू" म्हणून.