ॲमेझॉनच्या मुखाशी अडलेला मासा

ॲमेझॉन नदी दर सेकंदाला सुमारे २ लाख घनमीटर पाणी अटलांटिकमध्ये ओतते. जगभरच्या नद्या समुद्राला जेवढं गोडं पाणी देतात, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा या एकटीचा. गोडं पाणी हलकं; ते खाऱ्या पाण्यात लगेच मिसळत नाही, गढूळ थर होऊन वरच राहतं. किनाऱ्यालगत वायव्येकडे जाणारा समुद्रप्रवाह हा थर गयानाच्या दिशेने ओढत नेतो, पुढे ओरिनोको नदी त्यात भर घालते. त्यामुळे ब्राझील आणि कॅरिबियन इथल्या प्रवाळ खडकांच्या मधे दोन हजार किलोमीटरहून लांब चिखलाचा पट्टा पडला आहे.

दोन्हीकडच्या माशांची ये-जा चालू असेल, तर डीएनएतले बारीक बदल आपापसात मिसळत राहतात. ती थांबली की दोन्ही बाजूंना वेगवेगळे बदल साचत जातात. ब्राझीलचे मत्स्यशास्त्रज्ञ लुइझ रोशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नेमकं हेच तपासलं, सर्जनफिशच्या तीन जातींमध्ये. या माशाच्या शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना नस्तरासारखा धारदार काटा असतो, एरवी तो खाचेत मिटलेला. नाव त्यावरूनच पडलं.

तिन्ही जातींची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण ४५ ते ७० दिवस खुल्या समुद्रात वाहत राहतात. इथला प्रवाह कधी कधी सेकंदाला एक मीटरच्या वर जातो, म्हणजे दिवसाला ८५ किलोमीटर तरी. या हिशेबाने महिनाभरात पट्टा पार! मग तिन्ही जाती दोन्हीकडे सारख्याच मिसळलेल्या असायला हव्यात.

तसं निघालं नाही. एका जातीत ब्राझीलचे आणि कॅरिबियनचे मासे सरळसरळ वेगळे होते, दुसरीत फरक जेमतेम, तिसरीत जवळपास नाहीच. पिल्लांचा प्रवास सारखा असताना हे कसं? उत्तर मोठ्या माशांच्या सवयीत सापडलं. पहिली जात उथळ खडक सोडून फारशी कुठे राहत नाही. तिसरीला तेवढा सोस नाही. ॲमेझॉनच्या मुखासमोर, गढूळ थराच्या खाली पाणी खारंच असतं आणि तळावर स्पंजांची, म्हणजे तळाला चिकटून राहणाऱ्या सच्छिद्र प्राण्यांची, दाटी असते. तिथे खडकांवरचे बरेच मासे राहतात, हे १९७७ मध्येच नोंदलं गेलं होतं. तिसऱ्या जातीचा सर्जनफिश त्यांतला एक. वाटेत मुक्कामाला जागा असली की पट्टा एका दमात ओलांडायची गरजच उरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या टप्प्याटप्प्याने पुढे सरकता येतं. मला या अभ्यासातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण नुसता प्रवाहाचा नकाशा पाहून हे कधीच कळलं नसतं.

आणि ही खालची वाट कायम उघडी होती असंही नाही. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनाऱ्यालगतचा उथळ तळ तेव्हा उघडा पडला, नदी थेट खोल समुद्राच्या काठाशी रिकामी होऊ लागली, आणि स्पंजांच्या तळाला जागाच उरली नसावी. पहिल्या जातीतली फारकत तर इतकी जुनी निघाली, की २०११ मध्ये कॅरिबियनच्या माशाला स्वतंत्र जात मानलं गेलं.

कांदळवनांचं गणित उलटं आहे. माशाला जो चिखल नडतो, तोच कांदळाचं घर. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, लांबट शेंगेसारखं खाली पडतं आणि कित्येक आठवडे तरंगत जाऊ शकतं. म्हणून ब्राझीलमध्ये त्याच्या जनुकांची मोठी फूट ॲमेझॉनपाशी नसून देशाच्या ईशान्य कोपऱ्याच्या आसपास दिसते, जिथे समुद्रप्रवाह किनाऱ्याला भिडून उत्तर आणि दक्षिण असा दुभंगतो. आपल्या कोकणच्या खाड्यांमध्येही वाढणाऱ्या कांदळाच्या एका जातीचा २०१४ मध्ये आग्नेय आशियात अभ्यास झाला. मलाया द्वीपकल्पाची जमीन मधे आडवी असूनही मलाक्काच्या सामुद्रधुनीतली झाडं पलीकडच्या दक्षिण चिनी समुद्रातल्या झाडांच्या जवळची निघाली; खरी फूट पडली होती ती द्वीपकल्पाच्या पश्चिमेलाच, जमिनीचा काहीही अडसर नसताना, अंदमान समुद्र आणि सामुद्रधुनी यांच्या सीमेवर.