नांगर न लावण्याचा खंड

जमीन कसण्याबद्दल कूळ मालकाला खंड देते, हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेत १९८५ च्या कायद्याने सुरू झालेल्या ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’मध्ये सरकारच मालकाला खंड देते, तोही जमीन न कसण्याबद्दल. मालक १० ते १५ वर्षांच्या कराराने आपली जमीन पिकाखालून काढतो व तिच्यावर गवत किंवा झाडे लावतो. या लावणीचा साधारण निम्मा खर्च सरकार सोसते. खंडाचा दर त्या काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कोरडवाहू जमिनीचा चालू खंड आणि मातीचा कस पाहून ठरवला जातो.

योजनेची मुळे १९३० च्या दशकात आहेत. गवताळ मैदाने नांगरून गहू पेरला गेला, पुढे सलग दुष्काळ पडला, आणि मुळांनी धरून ठेवलेली माती मोकळी झाल्यामुळे वाऱ्याने ती उचलून नेली. १४ एप्रिल १९३५ च्या धुळीच्या वादळाने तर भरदिवसा अंधार केला होता. असे असले तरी १९८५ मध्ये सरकारला मातीइतकीच गव्हा-मक्याच्या पडलेल्या भावांचीही चिंता होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

कोणती जमीन घ्यायची, हा या योजनेतला खरा विज्ञानाचा भाग आहे. पाऊस, वारा, उतार आणि मातीचा पोत यांवरून धूप होण्याची शक्यता काढली जाते आणि ती जमीन किती धूप सोसू शकते याच्याशी ताडून पाहिली जाते. हे गुणोत्तर ८ किंवा त्याहून अधिक आले की जमीन अतिधूपप्रवण ठरते. १९९० च्या दशकापासून प्रत्येक अर्जाला वन्यजीव, पाणी, माती, हवा आणि खर्च अशा निकषांवर गुण मिळू लागले. एकाच परक्या गवताऐवजी स्थानिक गवते व फुलझाडे यांचे मिश्रण पेरण्याची तयारी दाखवणाऱ्याचे गुण वाढतात, आणि ठरलेल्या दरापेक्षा कमी खंड मागणाऱ्याचेही.

फायदे ठळक आहेत. उत्तर डाकोटातील तळ्यांभोवतीच्या अशा गवतात जमिनीवर घरटी करणाऱ्या बदकांची पिले अधिक संख्येने जगली. मात्र गळतीही आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, योजनेत गेलेल्या दर १०० एकरांमागे सुमारे २० एकर दुसरी जमीन नव्याने पिकाखाली आली. शिवाय पैसा मालकाला मिळतो, आणि खंडाने जमीन कसणाऱ्याच्या हातची जमीन जाते. बी-खताचा दुकानदारही गिऱ्हाईक गमावतो. म्हणूनच एका काउंटीतील साधारण २५ टक्क्यांहून अधिक शेतजमीन योजनेत घेऊ नये, अशी मर्यादा आहे.

सर्वांत नाजूक दुवा म्हणजे कराराची मुदत. २००७ मध्ये योजनेखाली ३ कोटी ६८ लाख एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास निम्म्या क्षेत्रफळाइतकी जमीन होती. मक्यापासून बनणाऱ्या इथेनॉल या इंधनाच्या मागणीने मक्याचे भाव चढले तसे मुदत संपलेल्या कित्येक जमिनींवर पुन्हा नांगर फिरला, आणि गवताने वर्षानुवर्षे मातीत साठवलेल्या कार्बनचा बराच भाग हवेत परतू लागला. २०१८ च्या कायद्याने सर्वसाधारण नोंदणीत, म्हणजे गुणांच्या स्पर्धेतून घेतलेल्या जमिनींना, मिळणाऱ्या खंडाचा दर काउंटीच्या सरासरी खंडाच्या ८५ टक्क्यांवर आणला. पुढे नोंदणी इतकी मंदावली की २०२१ मध्ये कृषी खात्याला मोबदला पुन्हा वाढवावा लागला.