नागपूर, १९७० : मतभेदांसह एक झालेली ख्रिस्ती मंडळी

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा प्रोटेस्टंट मंडळ्यांनी (पंथसंस्थांनी) आपले वेगळे अस्तित्व संपवले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सी.एन.आय.) स्थापना झाली. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतील मेथडिस्ट यांच्याबरोबर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया तीत सामील झाली; काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्या या शेवटच्या संस्थेत १९२४ मध्येच एकत्र आल्या होत्या. बोलणी १९२९ पासून चालू होती. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट मंडळीने मात्र अखेरच्या टप्प्यात माघार घेतली.

आपल्याकडील पंथभेद बव्हंशी परदेशांतून आलेले होते. अहमदनगर जिल्ह्यात बिशप (अनेक मंडळ्यांवर देखरेख करणारा वरिष्ठ धर्मगुरू) न मानणारे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून कार्यरत होते. पुढे तेथेच बिशपांची परंपरा सांगणारे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील) एस.पी.जी. (सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल) मिशनही आले. परिणामी एकाच मुलखातले, एकच मराठी बायबल वाचणारे लोक दोन वेगळ्या शिस्तींत वाढले. तरीही हे भेद उसने म्हणून उडवून लावणे योग्य ठरले नसते, कारण दोन-तीन पिढ्यांत ती लोकांची स्वतःची श्रद्धा झाली होती.

बोलणी मुख्यतः दोन प्रश्नांवर अडली. पहिला प्रश्न पाळकांच्या दीक्षेचा, म्हणजे त्यांना विधिपूर्वक पाळकपद देण्याचा होता : बिशपांकडून दीक्षा न मिळालेल्यांना कसे स्वीकारायचे? २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाली तेव्हा जुन्या पाळकांना होते तसेच स्वीकारून पुढील सर्व दीक्षा बिशपांच्या हस्ते देण्याचे ठरले होते. उत्तरेत वेगळा मार्ग निवडला गेला : आरंभीच सर्व परंपरांच्या सेवकांवर हात ठेवून प्रार्थना करण्यात आली, आणि ही पुनर्दीक्षा नव्हे, हे स्पष्ट करण्यात आले.

दुसरा प्रश्न बाप्तिस्म्याचा होता आणि तो अधिक नाजूक होता. स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्यावाचून बाप्तिस्मा नाही, ही बॅप्टिस्टांची धारणा. उलट अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन घरांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्याची रीत. यांपैकी एकाला चूक ठरवून ऐक्य होणे शक्यच नव्हते. म्हणून दोन्ही पद्धती मान्य झाल्या, आणि ज्या पाळकाची सद्सद्विवेकबुद्धी शिशुबाप्तिस्म्याला तयार नसेल, त्याने तो विधी दुसऱ्या पाळकाकडून करवून घ्यावा, अशी तरतूद झाली. माझ्या मते संपूर्ण योजनेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच आहे : पाळकावर सक्ती होत नाही, आणि त्याच्या मतापायी कुटुंबाला वेदीपासून परतावेही लागत नाही. भिन्न श्रद्धेची मंडळी सांभाळणाऱ्या बिशपाला अशाच बारीक नियमांचा आधार असतो; केवळ सद्भावनेची भाषणे पहिल्याच वादात अपुरी पडतात.

सिद्धान्तांचा विचार इतक्या काळजीने झाला, पण मालमत्तेचा प्रश्न चिघळला. मिशनांच्या जमिनी, शाळा आणि चर्चच्या इमारती वेगवेगळ्या न्यासांच्या नावे होत्या, आणि विलीनीकरणाने त्यांची मालकी बदलली का, यावर खटले उभे राहिले. गुजरातमधील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.