तेशुवा

तेशुवा : पाप घडल्याचे ध्यानात आल्यावर त्या वाटेवरून मागे फिरून ईश्वराकडे, त्याच्या आज्ञांकडे आणि दुखावलेल्या माणसाकडे परतणे, ही ज्यू धर्मातील संकल्पना व तिच्याशी निगडित आचार. ‘मागे फिरणे, परत येणे’ या अर्थाच्या ‘शूव’ या हिब्रू धातूपासून हा शब्द बनला आहे. मराठीत त्यासाठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ असला, तरी त्यात भर मनाला लागलेल्या चटक्यावर आहे. तेशुवामध्ये तो चटका केवळ सुरुवात ठरतो आणि खरी कसोटी पुढच्या वागण्यात लागते. ‘प्रायश्चित्त’ हा शब्दही पुरता जुळत नाही, कारण पापाचे क्षालन होणे याला हिब्रूत ‘कप्पारा’ हा निराळा शब्द आहे आणि तेशुवाशिवाय कप्पारा सहसा पदरी पडत नाही.

हिब्रू बायबलमधील संदेष्ट्यांनी या परतण्याची हाक वारंवार दिली. ‘इस्राएला, परत ये’ अशी विनवणी होशेयाच्या ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायाच्या आरंभी येते, तर दुर्जनाच्या मरणात ईश्वराला संतोष नसून त्याने मार्ग बदलून जगावे यात आहे, असे यहेज्केल सांगतो. योनाच्या कथेत निनवे नगरातील लोक गोणपाट नेसून उपास करतात व नगर वाचते. या कथेवर मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात एक मार्मिक टिपणी आहे : ईश्वराने त्यांचे गोणपाट आणि उपास पाहिले असे शास्त्र म्हणत नाही, त्यांची कृती पाहिली असे म्हणते. जेरुसलेमचे मंदिर उभे होते तोवर पापमुक्तीच्या विधीत बळीलाही स्थान होते. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केल्यावर वेदी राहिली नाही, आणि तेशुवा, प्रार्थना व दानधर्म यांच्यावर या विधीचा सारा भार आला.

तेशुवाची सर्वांत नेटकी मांडणी कोर्दोबात जन्मलेला व पुढे इजिप्तमध्ये स्थायिक झालेला तत्त्वज्ञ, धर्मशास्त्री व वैद्य मोझेस मायमोनिडीझ (मृत्यू १२०४) याने ‘मिश्ने तोरा’ या आपल्या धर्मसंहितेत केली असून त्यातील दहा अध्याय याच विषयाला दिलेले आहेत. पाप सोडून देणे, ते मनातूनही काढून टाकणे, झाल्याबद्दल खंत वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे आणि हे सगळे तोंडाने बोलून कबूल करणे (विदुई) ही त्याने सांगितलेली अंगे होत. कबुली धर्मगुरूच्या कानात द्यायची नसते. ती थेट ईश्वरापुढे द्यायची असते. मनाचा निश्चय न करता नुसती कबुली देणारा माणूस हातात अशुद्ध प्राण्याचे मढे घट्ट धरून शुद्धिस्नानाच्या कुंडात बुडी मारणाऱ्यासारखा आहे. ते टाकून देईपर्यंत कितीही पाणी असले तरी उपयोग नाही. पूर्ण तेशुवा कोणती, याचे उत्तर तालमूद या मिश्नावरील विवेचनग्रंथाच्या आधाराने तो असे देतो : तोच प्रसंग पुन्हा समोर आला, पाप करण्याची ताकद व संधी दोन्ही होत्या, तरीही माणसाने ते केले नाही, आणि तेही भीतीपोटी किंवा शक्ती सरली म्हणून नव्हे, तर ती पूर्ण तेशुवा.

माणसामाणसांतील अपराधांबाबत हा विचार फार कडक आहे. ईश्वराविरुद्ध केलेले पाप योम किप्पुर या क्षालनाच्या दिवशी क्षमा होते. पण शेजाऱ्याविरुद्ध केलेले पाप त्या शेजाऱ्याची समजूत काढल्याशिवाय तो दिवसही पुसू शकत नाही, असा मिश्नाचा निर्णय आहे. चोरलेले पैसे परत केले म्हणजे भागले असेही नाही. जाऊन माफी मागावीच लागते. समोरचा ऐकत नसेल, तर तीन माणसे बरोबर नेऊन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावे. त्यानंतरही तो अडून राहिला तर दोष त्याच्याकडे जातो. मात्र दुखावलेली व्यक्ती आपला गुरू असेल तर हजार वेळा जावे लागले तरी जावे. दुखावलेला माणूस वारला असेल, तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी उभे राहून ‘मी ईश्वराचा आणि या माणसाचा अपराधी आहे’ असे म्हणावे लागते. दुसऱ्याच्या वतीने तिसऱ्याने क्षमा करण्याची सोय मात्र कुठेच नाही.

तरीही परतणाऱ्याची वाट अडू नये, याची काळजी शास्त्रकारांनी घेतली. कोणी चोरीची तुळई घरात बसवली असेल तर काय करावे, हा जुना वाद त्यादृष्टीने पाहण्याजोगा आहे. शम्माई व हिल्लेल हे प्राचीन ज्यू शास्त्रकारांचे दोन संप्रदाय. शम्माई संप्रदायाचे म्हणणे, सगळे घर पाडून तुळई परत करावी. हिल्लेल संप्रदायाने तुळईची किंमत देणे पुरेसे मानले, कारण घर पाडायचे म्हटले तर कोण चोर कबुली देईल? हाच दुसरा निर्णय मान्य झाला. परतलेल्या माणसाला त्याच्या पूर्वीच्या कृत्यांची आठवण करून देणेही निषिद्ध आहे. परतलेला जिथे उभा राहतो तिथे कधीच न चुकलेल्या सज्जनालाही उभे राहता येत नाही, असे तालमूदमधील एक मत असून त्याला तिथेच विरोधही नोंदलेला आहे. उलट, ‘पाप करीन आणि मग परतेन’ असा हिशेब करणाऱ्याला परतण्याची संधी मिळत नाही, असेही बजावले आहे.

वर्षभर कधीही करता येणाऱ्या या आचाराचा मोसम म्हणजे ज्यू पंचांगातील एलुल महिना व त्यापुढचे तिश्री महिन्याचे पहिले दहा दिवस. नववर्षदिनी (रोश हशाना) शोफार हे शिंग फुंकतात. दहाव्या दिवशीच्या योम किप्पुरला सुमारे २५ तासांचा निर्जळी उपास असतो, चामड्याची पादत्राणे वर्ज्य असतात, आणि अक्षरानुक्रमे रचलेली पापांची यादी म्हणताना दर शब्दाला मूठ छातीवर हलकेच आपटतात. ही यादी ‘मी’ नव्हे तर ‘आम्ही’ अशा अनेकवचनात असते, म्हणजे न केलेल्या पापाचाही उच्चार प्रत्येकाच्या तोंडी येतो. दुपारच्या प्रार्थनेत योनाचे पुस्तक वाचतात. शेवटच्या प्रार्थनेला ‘नेइला’, म्हणजे दार मिटणे, असे नाव आहे. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजात याच दिवसाला मराठीत दारे बंद करण्याचा सण म्हणत. त्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून ते घराची दारे लावून घेत. त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेल्या पहिल्या सिनेगॉगचे (प्रार्थनामंदिराचे) हिब्रू नाव मात्र ‘दयेचे द्वार’ असे आहे.

बाराव्या-तेराव्या शतकांत ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यू धर्मनिष्ठांनी पापाच्या प्रमाणात देहदंड सांगितला. बर्फात बसणे हाही त्यातला एक प्रकार. पुढे अठराव्या शतकात प्रागचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) येहेज्केल लांडाऊ यांनी उपासापेक्षा पाप सोडणे आणि खंत हेच मूळ असल्याचे ठासून सांगितले. १९२५ मध्ये रब्बी अब्राहम इसाक कूक यांनी तेशुवा म्हणजे माणसाचे स्वतःच्या मूळ रूपाकडे परतणे, असा व्यापक अर्थ मांडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्माचरणापासून दूर वाढलेले अनेक तरुण आचारनिष्ठ जीवनाकडे वळले, आणि ‘बाल तेशुवा’ (तेशुवा करणारा) ही जुनी हिब्रू संज्ञा प्रामुख्याने त्यांच्यासाठी वापरली जाऊ लागली. हिब्रूत ‘तेशुवा’ याचा दुसरा अर्थ ‘उत्तर’ असा आहे; त्यामुळे इस्राएलमध्ये धर्माचरण सोडून देणाऱ्याला लोक कोटी करून ‘प्रश्नाकडे परतलेला’ म्हणतात.