खिंडीवरची विरळ हवा

हॉवर्ड हॉक्स यांच्या १९३९ सालच्या ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’ या चित्रपटात दक्षिण अमेरिकेतील बारांका या काल्पनिक बंदरातून टपाल आणि माल नेणारे मोजके वैमानिक अँडीजमधल्या एका खिंडीशी झुंजत असतात. पडद्यावर धुके दिसते, म्हणून प्रेक्षकाला तेच खलनायक वाटते. शेवटाकडे मात्र फोर्डचे तीन इंजिनांचे विमान त्या धुक्याच्या वर चढू पाहते आणि चढू शकत नाही. तेथे त्याला अडवते ती विरळ हवा, जी कॅमेऱ्याला टिपता येत नाही.

समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वस्तुमान साधारण १.२ किलो असते. ५,००० मीटरवर ते जेमतेम ०.७४ किलो उरते. तेवढेच वजन तोलून धरण्यासाठी पंखांना तेथे सुमारे ३० टक्के अधिक वेगाने हवा कापावी लागते, आणि नेमका त्याच वेळी प्राणवायू कमी पडल्यामुळे साध्या इंजिनाची शक्ती निम्म्याच्या आसपास येते. विमान चढत राहते, पण चढण्याचा दर घटत जातो. तो मिनिटाला १०० फुटांवर आला की ती उंची विमानाची व्यावहारिक मर्यादा मानली जाते. त्यापुढेही नाक वर उचलण्याचा हट्ट धरला, तर पंखांवरून वाहणारा हवेचा प्रवाह सुटतो आणि विमान दगडासारखे खाली येऊ लागते.

त्या काळच्या इंजिनांना आणखी एक खोड होती. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल एकत्र मिसळणाऱ्या भागात, पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. आतले तापमान २० अंशांनीही उतरू शकते, त्यामुळे बाहेर १५ अंश सेल्सियसची दमट हवा असतानाही आत बर्फ धरतो, हवेची वाट अरुंद होते आणि इंजिन खोकू लागते. उपाय म्हणून धुराड्याच्या उष्णतेवर तापवलेली हवा आत घ्यावी, तर गरम हवा मुळातच विरळ, म्हणजे शक्ती पुन्हा घटणार.

चित्रपटात काँडोर पक्षी विमानाची काच फोडतात. दहा किलोच्या पक्ष्यावर सेकंदाला ६० मीटर वेगाने विमान आदळले, तर १८,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक टनाची मोटार ताशी २२ किलोमीटर वेगाने भिंतीवर धडकावी, तेवढी. हा हिशेब खरा असला, तरी वर जाणाऱ्या हवेवर तरंगणारे हे पक्षी दाट धुक्यात थव्याने भेटावेत, ही मला पटकथेची सोय वाटते. निरभ्र दिवशी मात्र पक्षी आणि वैमानिक उतारालगतचा तोच ऊर्ध्वगामी झोत शोधत असतात.

डोंगर ओलांडलेला वारा पलीकडे खालीही कोसळतो, आणि त्याचा वेग विमानाच्या चढण्याच्या दरापेक्षा जास्त असेल, तर इंजिन पूर्ण ताकदीने चालूनही उंची घटत जाते. १३ जून १९३० रोजी एरोपोस्ताल या फ्रेंच टपाल कंपनीचे वैमानिक आंरी गियोमे हिमवादळात अशाच झोतात सापडले. अर्जेंटिनातल्या लागुना देल दियामान्ते सरोवराच्या काठी त्यांना आपले पोतेझ २५ विमान टेकवावे लागले आणि ते बर्फावर उलटले. तेथून गियोमे पाच दिवस चालत खाली वस्तीपर्यंत पोहोचले.