विमानाचे दार

प्रवासी विमानाच्या धडातील, प्रवाशांना आत-बाहेर करण्यासाठी आणि आणीबाणीत विमान रिकामे करण्यासाठी असलेली यंत्रणा. उंचावर असताना कितीही जोर लावला तरी न उघडणे आणि जमिनीवर आग लागली असता अंधारात, धुरात काही सेकंदांत उघडणे ही दोन परस्परविरुद्ध कामे एकाच दाराला करावी लागतात. विमानाच्या सुरक्षिततेत इंजिन व पंख यांच्याइतकेच दाराला महत्त्व आहे.

सुमारे 11 किलोमीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी असतो. केबिनमध्ये मात्र तो साधारण 2,400 मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर असतो त्यापेक्षा कमी होऊ दिला जात नाही. या फरकामुळे दाराच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून सुमारे साडेपाच टनांचा, म्हणजे एका दारावर आठ-दहा टनांचा भार येतो. आतून बसवलेले बूच दाबाने जसे अधिकच घट्ट बसते, त्याच तत्त्वावर प्रवासी दारे रचलेली असतात. बोइंग 737 मध्ये हँडल फिरवल्यावर दार आधी किंचित आत येते, त्याच्या वरच्या व खालच्या झडपा दुमडतात आणि मग ते तिरके होऊन चौकटीतून बाहेर जाते. दाब असताना ही पहिली हालचालच अशक्य असते. जमिनीजवळ दाबाचा फरक उरत नाही आणि हे संरक्षणही संपते. 26 मे 2023 रोजी दक्षिण कोरियातील दाएगू येथे उतरण्याच्या बेतात असलेल्या एअरबस ए-321 विमानाचे दार एका प्रवाशाला उघडता आले, ते विमान जमिनीपासून अवघ्या दोनशेएक मीटरवर होते म्हणून. विमान सुखरूप उतरले.

सामानाच्या कप्प्याचे दार बाहेर उघडणारे असेल, तर दाब त्याला बंद ठेवत नाही, उलट ढकलत राहतो. सारी भिस्त दार अडकवून ठेवणाऱ्या अडण्यांवर असते. 3 मार्च 1974 रोजी पॅरिसजवळ तुर्की विमानकंपनीच्या डीसी-10 विमानाच्या सामानाच्या मागच्या दाराच्या अडण्या पूर्ण बसलेल्या नव्हत्या. दार उडाले, खालचा दाब एकदम गेल्याने वरच्या केबिनची जमीन खचली, तिच्याखालून जाणाऱ्या नियंत्रण-तारा निकामी झाल्या आणि विमानातील सर्व 346 जण मृत्युमुखी पडले. याच प्रकारच्या विमानाचे सामानाचे दार 1972 मध्ये कॅनडातील विंडसरजवळ असेच उडाले होते आणि ते विमान कसेबसे उतरवण्यात आले होते. दोन वर्षांपूर्वी मिळालेला हा इशारा पुरेशा गांभीर्याने घेतला गेला नाही, ही गोष्ट या विषयात काम केलेल्या कोणालाही विसरता येण्यासारखी नाही.

प्रवासी दाराच्या खालच्या भागातील फुगीर आवरणात आणीबाणीची घसरपट्टी (स्लाइड) घडी घालून ठेवलेली असते. दार नेहमीप्रमाणे उघडले तर ती बाहेर येता कामा नये आणि आणीबाणीत मात्र आपोआप यायला हवी. म्हणून दार ‘आर्म’ (उघडताच घसरपट्टी आपोआप बाहेर यावी अशी जोडणी करणे) व ‘डिसआर्म’ (ती जोडणी सोडवणे) करण्याची पद्धत आहे. घसरपट्टीच्या टोकाशी गर्ट बार नावाचा धातूचा दांडा असतो. 737 वर केबिन कर्मचारी निघण्यापूर्वी वाकून तो उंबऱ्यालगतच्या खाचांत अडकवतात आणि दाराच्या छोट्या खिडकीवर लाल पट्टी आडवी लावतात, जेणेकरून बाहेरच्या माणसालाही दार आर्म असल्याचे दिसावे. त्यानंतर समोरच्या दारावरचा सहकारी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करतो. यालाच ‘क्रॉस-चेक’ म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात ही खात्री सर्वांत कच्ची राहते ती रात्रभराच्या उड्डाणानंतर डिसआर्म करताना, कारण हात सवयीने चालतात आणि नजर पाहत नाही. आर्म अवस्थेतच दार उघडले गेले, तर बाहेर उभ्या असलेल्या माणसावर घसरपट्टी जीवघेण्या जोराने आदळू शकते.

सिलिंडरमधील वायू एकटा घसरपट्टी फुगवायला पुरत नाही. तो वेगाने सुटताना झडपांतून बाहेरची हवा ओढून घेतो. बाहेर पडू लागल्यापासून सहा सेकंदांत ती उभी राहावी असा नियम आहे. तसे न झाल्यास लाल हँडल ओढावे लागते. 44 पेक्षा जास्त आसनांचे विमान निम्मीच दारे वापरून, अंधारात, 90 सेकंदांत रिकामे होते हे दाखवल्याशिवाय त्याला मान्यता मिळत नाही. एअरबस ए-380 च्या 2006 मधील हँबुर्ग येथील चाचणीत 873 माणसे 78 सेकंदांत बाहेर पडली.

चाचणीत कोणी बॅग घ्यायला थांबत नाही; प्रत्यक्षात लोक थांबतात. बॅगेमुळे जाणारा वेळ मागच्या रांगांतील माणसांचा असतो. म्हणून उड्डाण व अवतरण यांच्या वेळी आपल्या आसनावर बसलेला कर्मचारी मनातल्या मनात उजळणी करत असतो: माझे दार कोणते, हँडल कोणत्या बाजूला फिरते, आज्ञा कोणती द्यायची, दार निरुपयोगी ठरले तर लोकांना कुठे वळवायचे. यांत सर्वांत अवघड ती खिडकीतून बाहेर पाहून दार न उघडण्याचा निर्णय घेण्याची वेळ. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर धावपट्टीवरील दुसऱ्या विमानाशी धडक होऊन पेटलेल्या एअरबस ए-350 मध्ये ध्वनिक्षेपण बंद पडले होते. कर्मचाऱ्यांनी मेगाफोनवरून आणि मोठ्याने ओरडून लोकांना वाट दाखवली. आठपैकी तीनच दारे वापरली गेली आणि त्यांतून सर्व 379 जण बाहेर आले.